मंदाकिनीबाई आणि न दचकणारं बाळ

बाळ घरी आलं त्या सकाळी तांबट आळीत नेहमीसारखंच काम चालू होतं. कुणाच्या तरी दारात टेंपोतून तांब्याचे पत्रे उतरवत होते, म्हणून रिक्षा आळीच्या तोंडाशीच थांबली. हेमा बाळाला छातीशी धरून सावकाश चालू लागली. तिचा नवरा श्रीधर पिशव्या घेऊन मागे, आणि सासू मंदाकिनीबाई सगळ्यांच्या पुढे, येणाऱ्याजाणाऱ्यांना हातानं बाजूला सारत. दोन्ही बाजूंच्या दुकानांत हातोड्या पडत होत्या. तांब्यावर हातोडी पडली की तो आवाज नुसता कानात जात नाही, दातांपर्यंत उतरतो. पहिल्यांदा आळीत आलेला माणूस आधी डोळे मिचकावतो आणि मग हात कानांकडे नेतो. बाळही आता दचकणार, हातपाय फेकून रडणार, हे मंदाकिनीबाई धरूनच चालल्या होत्या. "रडू नका, तांबटांकडे जन्म घेतलाय तुम्ही," असं एक वाक्यही त्यांनी मनात तयार ठेवलं होतं.

बाळ झोपलेलं होतं. टोपड्यातून दिसणारा इवलासा चेहरा, मिटलेले ओठ. एका दुकानात दोघं मिळून मोठा बंब ठोकत होते. त्याच्यासमोरून जातानासुद्धा बाळाची पापणी हलली नाही.

समोरच्या घरातल्या सुंदराबाई खिडकीतून ओरडल्या, "शहाणी आहे हो पोर! आळीला शोभते."

मंदाकिनीबाई हसल्या. उंबरठ्यावर त्यांनी बाळंतिणीवरून आणि बाळावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. पण पाणी घालताना लक्ष बाळाकडे होतं, आणि अर्धं पाणी श्रीधरच्या बुटांत गेलं.

"आई, माझं बारसं नाहीये," श्रीधर म्हणाला.

एरवी त्यांनी या बोलण्याला दोन शब्द तरी ऐकवले असते. आज त्या बाळाचं टोपडं सारखं करत राहिल्या.

हॉस्पिटलमधून निघायच्या आधी एक सिस्टर लहानसं यंत्र घेऊन आली होती. तिनं बाळाच्या कानात मऊ बोंडासारखं काहीतरी बसवलं, यंत्राकडे पाहिलं, मग दुसरा कान. पुन्हा पहिला. "दोन्ही कानांची परत तपासणी करावी लागेल," ती म्हणाली. "घाबरू नका. पोटातलं पाणी कानात राहिलेलं असतं, बऱ्याच बाळांचं असं होतं. महिनाभरानं घेऊन या." आणि जाता जाता तिनं विचारलं होतं, "घरात जन्मापासून ऐकू न येणारं कुणी आहे का?"

"बाबांना येत नाही," श्रीधर म्हणाला, "पण ते हातोडीमुळे. जन्मापासून नाही."

मंदाकिनीबाई तेव्हा दुपट्याच्या घड्या घालत होत्या. त्या घड्या घालत राहिल्या.

मंदाकिनीबाई भोरच्या. लग्न होऊन या आळीत आल्या तेव्हा पहिले काही दिवस कानांत कापूस घालून स्वयंपाक करत. सासू म्हणाली, "किती कापूस आणणार गं? गाद्या उसवायच्या का?" मग हळूहळू कापूस सुटला आणि आवाज चढला. आळीत बोलायचं तर हातोडीच्या वर बोलावं लागतं. पुढे नवऱ्याचे, दत्तप्रसादांचे कान जाऊ लागले. आधी चिमण्या गेल्या, मग फोनची घंटा, मग बायको. आता ते समोरच्याच्या ओठांकडे बघून अर्धं समजून घेत, आणि उरलेलं त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागे. त्यामुळे मंदाकिनीबाईंचा आवाज असा झाला होता की मंडईत भाव विचारला की गाळेवाला म्हणे, "काकू, मी ऐकतोय. मागच्या गाळ्यावरचा पण ऐकतोय."

एवढं सगळ्यांना माहीत होतं. शालूचं मात्र आता फारसं कुणाला माहीत नव्हतं.

शालू म्हणजे दत्तप्रसादांची धाकटी बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून ती बोलतही नव्हती. मंदाकिनीबाई आणि ती एकाच वयाच्या. शालूला बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटायचा. खाली हातोडी सुरू झालेली तिला तळपायांतून कळे आणि ती हसे. तिला शाळेत कुणी घातलं नाही, खुणांची भाषा कुणी शिकवली नाही. घरातले तिच्याशी जेवण, पाणी, झोप एवढंच हातांनी बोलत. तिला याहून जास्त काही सांगायचं असलं, तर ते काय होतं हे कुणाला कधी कळलं नाही. श्रीधर तीन वर्षांचा असताना ती मंदाकिनीबाईंबरोबर भाजी आणायला गेली होती. मागून टेंपो आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, दिला, देतच राहिला. त्याला वाटलं बाई बाजूला होईल.

श्रीधरला 'आत्या अपघातात गेली' एवढंच सांगितलेलं. त्याच्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी हेमाच्या वडिलांनाही तेवढंच. खोटं काहीच सांगितलं नव्हतं, आणि खरं अर्धंच सांगितलं होतं.

घरी आल्यावर दोनतीन दिवस मंदाकिनीबाई नुसत्या बघत राहिल्या. घर अरुंद, तीन मजल्यांचं. तळमजल्यावर कारखाना, वर राहायचं. पाळण्याची कडी बरोबर ऐरणीच्या वर येत होती. खाली दत्तप्रसादांनी घंगाळ ठोकायला घेतलं की ताटल्या मांडणीत किणकिणायच्या, आणि बाळ शांत झोपलेलं असायचं. दुपारी जेवणासाठी काम थांबलं की उलट जरा चुळबुळायचं.

बाकी सगळं जिथल्या तिथं होतं, आणि त्याचीच त्यांना जास्त धास्ती वाटे. तळहातात बोट दिलं की पोर मूठ आवळायची, ती इतकी घट्ट की बोट सोडवून घ्यावं लागे. गालाला काही लागलं की तिकडे तोंड वळवायची. हेमा खोलीत आली की डोळे न उघडताच नाक हलवायची, दुधाच्या वासानं आई ओळखायची. मांडीवर घेतलं की हेमाच्या तोंडाकडे टक लावून बघायची, जणू काही आठवतंय. मंदाकिनीबाईंच्या सासूबाई सांगायच्या, शालूही तान्हेपणी अशीच होती. सगळं वेळेवर. म्हणूनच फार दिवस कुणाला कळलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी हेमा अंघोळीला गेली होती. मंदाकिनीबाईंनी मांडणीतली तांब्याची मोठी परात काढली, पाळण्याजवळ नेली, गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर सोडली.

परात आपटली, गोल फिरली, फिरत फिरत झणझणत खाली बसली. बाळानं ओठ चोखल्यासारखे केले आणि झोपून राहिलं.

त्यांनी परात उचलली. या वेळी कमरेएवढ्या उंचीवरून सोडली.

"आई! काय करताय?" ओले केस तसेच टाकून हेमा दारात उभी होती.

"हातातनं सुटली."

"दोनदा?"

मंदाकिनीबाई परात उचलायला वाकल्या. हेमानं धावत जाऊन बाळाला उचललं, छातीशी धरलं. मग तीही थांबली. एवढ्या आवाजानं आपण अंघोळ अर्धी टाकून आलो आणि ही झोपलेलीच आहे, हे तिच्या लक्षात येत होतं. तिच्या चेहऱ्यावरचा राग कसा उतरला आणि त्या जागी काय आलं, ते मंदाकिनीबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. आपण आपली भीती हिच्या पदरात टाकली, असं त्यांना वाटलं.

"पाणी असतं कानात," हेमा म्हणाली. "सिस्टर म्हणाली होती."

"हो. पाणीच असेल."

"श्रीधरला सांगू नका. तो रात्रभर मोबाइलवर वाचत बसेल आणि सकाळी मला सगळं वाचून दाखवेल."

"आणि ह्यांना?"

"बाबांना कसं सांगणार?" हेमा म्हणाली.

खरंच होतं. दत्तप्रसादांना काही सांगायचं म्हणजे कानाशी ओरडायचं. त्या घरात गुपित असलं की ते आधी त्यांच्यापासूनच ठेवावं लागे, कारण त्यांना सांगितलं की ते आळीला सांगितल्यासारखं होई. ते रोज संध्याकाळी हात धुऊन वर येत, पाळण्याजवळ बसत आणि नातीची पावलं आपल्या खरखरीत तळहातात धरत. काही बोलत नसत. मंदाकिनीबाई पोळ्या लाटता लाटता त्या दोघांकडे बघत, आणि तव्यावरची पोळी करपत असे.

त्या दिवसापासून दोघी बायका आपापल्या परीनं बाळाला तपासत राहिल्या. हेमा खुळखुळा वाजवी, पण बाळाला तो दिसतोय की ऐकू येतोय ते कळत नसे. मंदाकिनीबाई झाकणं वाजवत, पळी वाजवत, एकदा तर पूजेची घंटा. कधी बाळ डोळे उघडी, कधी नाही. घंटेला उघडले तेव्हा त्यांनी देवाला हात जोडले, आणि लगेच लक्षात आलं की दुधाची वेळ झाली होती.

बारसं पुढे ढकलावं असं मंदाकिनीबाईंना वाटत होतं. पण कारण काय देणार? पाळणा फुलांनी सजला. कर्वेनगरहून श्रीधरची बहीण वल्लरी आली. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. नाव दत्तप्रसादांनी निवडलं होतं, मुक्ताई; हाक मारायला मुक्ता. वल्लरी पाळण्यात वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन "कुर्रर्र" म्हणाली. मागे उभ्या असलेल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत दणादण धपके घातले.

"अगं हळू! नाव विसरेन मी," वल्लरी ओरडली, आणि सगळ्या हसल्या.

मुक्तानं डोळे उघडले, मान किंचित हलवली. "ऐकलं बाई, नाव ऐकलं!" असा एकच गलका झाला. हेमानं सासूकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आशेचं. मंदाकिनीबाईंनी मात्र वाकताना वल्लरीचं कानातलं बाळाच्या गालाला घासलेलं पाहिलं होतं. त्या घुगऱ्या वाटायला वळल्या. ज्या कानात नाव सांगितलं त्या कानात ते पोचलं की नाही, एवढं एकच त्यांना हवं होतं, आणि तेवढंच कुणी सांगू शकत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आळीतले उत्तरेश्वर गेले. म्हातारे कारागीर, दत्तप्रसादांचे दोस्त. आळीतला कारागीर गेला की त्या दिवशी आळीत एकही हातोडी उचलत नाहीत. त्या सकाळी सगळी दुकानं अर्धी उघडी, ऐरणींवर फडकी टाकलेली. पुरुषमंडळी वैकुंठ स्मशानात गेली. आळीत इतकी शांतता झाली की कुणाच्या तरी नळाचं ठिबकणं ऐकू यायला लागलं.

मुक्ता रडायला लागली ती थांबेना.

दूध पाजलं, लंगोट बदलला, बेंबीला हिंग लावला, खांद्यावर घेऊन फेऱ्या घातल्या. ती लालबुंद होऊन रडत होती. श्वास अडकल्यासारखी एक क्षण थांबायची, आणि पुन्हा. हेमानं डॉक्टरांना फोन लावला. ताप नाही ना, दूध पितेय ना, लक्ष ठेवा, असं ते म्हणाले. कान दुखत असेल का, या विचारानं मंदाकिनीबाईंनी दोन्ही कानांमागे हलकेच दाबून पाहिलं. कधी नव्हे ते त्या हेमावर खेकसल्या, "बघत काय बसलीस, घे तिला!" आणि हेमा रडायला लागली. दुपार गेली, संध्याकाळ गेली. थकून थोडी झोपायची, की पुन्हा उठायची.

सकाळी हेमा भिंतीला टेकून बसल्या जागी झोपली होती. मुक्ता मंदाकिनीबाईंच्या खांद्यावर. बसलेल्या आवाजात तिचं रडणं चालूच. तेवढ्यात समोरच्या दुकानात कुणीतरी ऐरणीवर पहिली हातोडी मारली.

मुक्ता रडता रडता थांबली.

तोंड उघडंच होतं, रडण्याचं. डोळे कुठेच बघत नव्हते. दुसरी हातोडी पडली, तिसरी पडली. मग पलीकडचं दुकान, मग खाली दत्तप्रसाद. मुक्ताच्या मुठी हळूहळू सुटल्या. तिनं एक लांब, तुटक उसासा टाकला आणि आजीच्या मानेत तोंड घालून झोपून गेली.

मंदाकिनीबाई जमिनीवर बसल्या. हेमाला उठवावं म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. शालूलाही हातोडी कळायची. कानांतून नव्हे, तळपायांतून. तिची आई आयुष्यभर म्हणत राहिली, "बघा, ऐकलं तिनं, मान वळवली." दर वेळी घरातले बघायला धावत, आणि दर वेळी काही नसे. हिलाही आपल्या खांद्याच्या हाडांतून ती थरथर कळली नसेल कशावरून? त्या हेमाला काही बोलल्या नाहीत. नुसत्या भीतीची त्यांना एव्हाना सवय झाली होती. या नव्या आशेला कुठं ठेवायचं ते त्यांना कळेना.

तपासणीच्या दिवशी श्रीधरला गिऱ्हाइकाची ऑर्डर पोचवायची होती; पाणी असेल कानात, निघून गेलं असेल, असं म्हणून तो निर्धास्त गेला. दोघीच निघाल्या. कान तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, नम्रता नावाच्या. खोली लहान, भिंतींना जाड गाद्यांसारखं काही लावलेलं. आत पाऊल टाकलं की बाहेरचं पुणं संपलं. मंदाकिनीबाईंना स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

"घरात जन्मतः ऐकू न येणारं कुणी?" नम्रताबाईंनी विचारलं.

"नाही," हेमा म्हणाली. "म्हणजे सासऱ्यांना—"

"आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

त्या बंद खोलीत त्यांचा आवाज फार मोठा झाला. हेमा वळली.

"होती," त्यांनी आवाज खाली आणला. "माझी नणंद. जन्मापासून. आम्ही कुणाला सांगितलं नाही. हिलाही नाही."

हेमानं बाळाला या हातावरून त्या हातावर घेतलं.

"बरं झालं सांगितलंत," नम्रताबाई शांतपणे म्हणाल्या. "मग आज मी दोन तपासण्या करते. छोटी, आणि मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघणारी दुसरी. झोपवा तिला."

बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे बारीक तारा चिकटवल्या. पडद्यावर रेघा थरथरत होत्या. मंदाकिनीबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. त्या नम्रताबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, पण तिथेही काही लिहिलेलं नव्हतं. एकदा त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या आणि मंदाकिनीबाईंनी खुर्चीची कड पकडली. उजवा कान. मग डावा. मग काहीतरी पुन्हा. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर तेही ओठांवर येईना.

"दोन्ही कान छान आहेत," नम्रताबाई म्हणाल्या. "ऐकू येतं तिला. अगदी हळू बोललेलंसुद्धा. पहिल्या वेळी कानात पाणीच राहिलं असणार."

हेमाच्या तोंडून हुंदका फुटला. मंदाकिनीबाई मात्र तशाच बसून होत्या.

"अहो, पण परात पाडली तरी दचकत नाही ती," त्या म्हणाल्या. "दोनदा पाडली मी."

"कसली परात?"

"तांब्याची."

"राहता कुठं तुम्ही?"

हेमानं सांगितलं. नम्रताबाईंनी एकदा दोघींकडे पाहिलं आणि त्या हसल्या. "आणि गरोदरपणात हेमाताई तिथंच होत्या?"

तिथंच होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण हेमाची आई लहानपणीच गेली होती, माहेरी वडील एकटे. तेव्हा ती शेवटच्या दिवसापर्यंत आळीतच राहिली, कारखान्याच्या बरोबर वर.

"मग ऐका," नम्रताबाई म्हणाल्या. "सहाव्या महिन्याच्या सुमाराला पोटातल्या बाळाला ऐकू यायला लागतं. आईचं हृदय, आईच्या रक्ताची सळसळ, आईचं बोलणं, आणि बाहेरचे मोठे आवाज. पोटातून जातात म्हणून जरा दबलेले, पण जातात. रोज तोच आवाज आला आणि काही वाईट झालं नाही की बाळ त्याच्याकडे लक्ष द्यायचं सोडतं. विमानतळाजवळची बाळं विमानाला उठत नाहीत. तुमच्या नातीनं तीन महिने तांबं ठोकलेलं ऐकलंय. आणि तुम्ही तिला तपासायला काय वाजवलंत? तांबंच. त्यात तान्ही बाळं गाढ झोपेत असली तर काहीच करत नाहीत."

"उत्तरेश्वर गेले तेव्हा ती दिवसभर रडली," मंदाकिनीबाई एकदम म्हणाल्या. कोण उत्तरेश्वर, ते हेमानं समजावून सांगितलं, आणि सासऱ्यांचे कान हातोडीनं गेले तेही.

"तिच्या कारणानं रडली असेल, किंवा शांततेनं बावरली असेल. नक्की नाही सांगता येणार," नम्रताबाई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला. "पण एक गोष्ट. आतापर्यंत मध्ये आईचं पोट होतं. आता नाही. तिला त्या आवाजाचं भय वाटत नाही, म्हणून तो आवाज तिच्या कानांना इजा करत नाही असं नाही. आजोबांचे कान कशानं गेले, तुम्हीच सांगितलंत. पाळणा कारखान्याच्या वर ठेवू नका. आणि घरात तसं कुणी होतं, तेव्हा दर काही महिन्यांनी दाखवत राहा."

रिक्षा शनिवारवाड्यापाशी सिग्नलला थांबली तेव्हा हेमानं विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

"शालू."

"त्यांच्याशी कोण बोलायचं?"

मंदाकिनीबाईंनी बाहेर बघितलं. "कुणी नाही गं," त्या म्हणाल्या. "मी पाय आपटायचे."

हेमानं त्यांचा हात धरला नाही. पण उतरताना तिनं बाळ त्यांच्याकडे दिलं.

दत्तप्रसाद ऐरणीशी होते. श्रीधर परतून हिशेबाचा फोन करत बसला होता. मंदाकिनीबाई नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हातोडी थांबवली आणि बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

"मुक्ताला ऐकू येतं!"

"काय येतं?"

"ऐकू! ऐकू येतं तिला!"

समोरच्या दुकानातली हातोडी थांबली. त्याच्या पलीकडचीही. वरून सुंदराबाई म्हणाल्या, "म्हणजे? येत नव्हतं की काय?"

दत्तप्रसादांनी हातोडी खाली ठेवली. "येत नाही असं कुणाला वाटलं?"

मंदाकिनीबाईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"कधीपासून?"

"घरी आली तेव्हापासून."

"आणि मला आज सांगतेस."

"तुम्हाला सांगायचं म्हणजे," मंदाकिनीबाईंनी हात आळीभर फिरवला, "यांना सगळ्यांना सांगायचं."

हेमानं दत्तप्रसादांसमोर बसून ओठ नीट हलवत बाकीचं सांगितलं. त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं, जिथं वर पाळण्याची कडी होती. एवढी वर्षं त्यांनी कधी तिकडे पाहिलं नव्हतं.

"मागची खोली दमट आहे," ते म्हणाले. "पाळणा कुठं नेणार? श्रीधर, ऐरण काढ. उत्तरेश्वराचं दुकान आता रिकामंच आहे, त्याच्या मुलाला विचार."

"बाबा, आजोबांच्या वेळेपासून तिथं आहे ती."

"शेवटी त्यांनाही कुठं काय ऐकू येत होतं? काढ."

संध्याकाळी चार माणसं लागून ऐरण उखडत होती. खाली नुसते पहारीचे आवाज आणि "जरा इकडे", "अरे पायावर नको". वर मुक्ता जागी झाली आणि बावरली. ओठ वाकडे करून रडायच्या बेतात आली. हेमा झोपली होती. मंदाकिनीबाई पाळण्याशी बसल्या. एवढे दिवस त्यांनी या पोरीभोवती काय काय वाजवलं होतं, पण तिच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता बोलावं तर काय बोलावं ते कळेना, आणि हळू बोलायचं म्हणजे आवाज कुठून काढायचा तेही आठवेना. अखेर त्या पाळण्यावर वाकल्या आणि जवळजवळ श्वासानंच म्हणाल्या, "उद्या मंडईतनं मेथी आणायचीय. तुझ्या आईला. शेपू पण."

मुक्ताचे ओठ सरळ झाले.

"दुधी बघू मिळाला तर. कोवळा."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. भाज्या संपल्या तशी मंदाकिनीबाईंनी फळांना सुरुवात केली.